अंगओळख

मंदार आणि कल्याणी खटावकर महिन्यातून एकदाच एकमेकांना हात लावत. पहिल्या रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, तो आपलं मनगट तिच्या मनगटावर टेकवी. थोड्या वेळानं तिच्या कातडीवर पित्ताचे लाल चट्टे उठले की दोघांचा जीव भांड्यात पडे. मग तो उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाई, ती हात धुऊन मलम लावी, आणि साताऱ्याच्या त्या घरात पुढचा महिना सुरू होई.

मंदार लग्नाचे फोटो काढायचा. अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्यामुलींच्या गालावरचे मुरूम त्यानं संगणकावर पुसले होते. साठी उलटल्यावर त्याला जठराचा कर्करोग निघाला, आणि कळेपर्यंत तो यकृतात पोचला होता. जठराचा मोठा भाग काढला, औषधं झाली, आणि एके दिवशी डॉक्टरांनी बोलण्यातून ‘बरं होणं’ हा शब्दच गाळला. पुण्यातल्या एका संशोधन रुग्णालयात तेव्हा ‘सहचर-उपचारा’ची चाचणी चालू होती. तिथे रुग्णाला एकट्याला घेत नसत. जोडप्याला घेत.

चाचणीच्या प्रमुख डॉ. अफ्रीन मुजावर वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी काका-काकू म्हणायला सुरुवात केली आणि कागद बाजूला सारून समजावलं.

“काका, तुमच्या रक्तात पहारा देणाऱ्या पेशी आहेत. पण ही गाठ तुमच्याच शरीरातून उगवलेली. पहारेकऱ्यांना ती घरचीच वाटते, म्हणून ते तिला सोडून देतात. बाहेरचे पहारेकरी आणले, तर त्यांना तुमचं सगळंच परकं. गाठीबरोबर यकृतही फाडतील. मला असं कुणीतरी हवंय, जे परकं आहे पण तुम्हाला आतून ओळखतं.”

“मग माझ्या नणंदेला बोलवा,” कल्याणी म्हणाली. “ती याला लहानपणापासून ओळखून आहे.”

डॉक्टर हसल्या. नणंद नको, तुम्हीच हव्यात, म्हणाल्या. पोटातलं मूल निम्मं बापाचं असतं. त्यांची मुलगी ओवी पोटात असताना कल्याणीच्या शरीरानं मंदारचा तो निम्मा भाग नऊ महिने पारखला होता आणि त्याला त्रास द्यायचा नाही हे शिकून घेतलं होतं. ही ओळख बाळंतपणानंतरही राहते. चाचणीतले लोक तिला ‘अंगओळख’ म्हणत. मंदारचं मूळचं काय, हे कल्याणीच्या पेशींना ठाऊक होतं. त्याच्या गाठीचे निर्जीव केलेले कण तिच्या दंडात टोचले, की मूळचं नाही ते काय, हेही त्यांना कळणार होतं. मग त्या पेशी तिच्या रक्तातून काढून, प्रयोगशाळेत वाढवून त्याला द्यायच्या.

याची किंमत डॉक्टरांनी लपवली नाही. पेशींना लढायला लावायचं तर आधी त्यांच्यातला मऊपणा काढावा लागणार होता. तो काढला की कल्याणीच्या अंगाला मंदारचा घाम, त्याची थुंकी, काहीच चालणार नव्हतं.

“म्हणजे पस्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला नवऱ्याची ॲलर्जी येणार,” मंदार म्हणाला. “यात शोध तो काय लागला?”

सही मात्र त्यानं केली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, तुला हात लावायचा नाही, तर मी जगून करू काय?

“फोटो काढ,” कल्याणी म्हणाली. “लांबूनच काढतात ना?”

दुसऱ्या दिवशी दोघांनी सह्या केल्या.

उपचार लागू पडला. यकृतावरचे डाग विरत गेले. पण तिच्या पेशी त्याच्या शरीरात काही महिनेच टिकत, म्हणून दर सहामाहीला तिच्या रक्तातून नव्या घ्याव्या लागत. औषधाची विहीर तिच्या शरीरात होती, आणि ती आटू नये म्हणून डॉक्टरांनी त्यांना वेगळं राहायला सांगितलं.

“शेंगदाणा न चालणाऱ्या माणसाला कणाकणानं शेंगदाणा चारला की त्याच्या अंगाला सवय होते,” त्या म्हणाल्या. “काकांची सवय तुमच्या अंगाला व्हायला नको. एकदा झाली की पुन्हा शिकवता येत नाही, आम्ही करून पाहिलंय. तुमचं शरीर त्यांचा जितका राग करेल, तितके ते जगतील.”

कल्याणी नाशिकला ओवीकडे गेली. मंदारला स्वयंपाकाच्या बाई ज्वारीच्या कण्या शिजवून देत, आणि तो दोन घास खाऊन वाटी सारून ठेवी. रोज फोनच्या पडद्यावर कल्याणीला त्याच्या गळ्याची हाडं वर येताना दिसत. कर्करोग गेला आणि माणूस उपासमारीनं गेला, तर तुमच्या चाचणीत ते कुठल्या रकान्यात लिहिणार, असं तिनं डॉक्टरांना विचारलं. दिवाळीनंतर ती परत आली. डॉक्टरांनी नाइलाजानं अटी घातल्या: खोल्या वेगळ्या, कपडे वेगळे, ताटंवाट्या वेगळ्या, आणि पहिल्या रविवारी मनगट.

सगळ्या अटी तिनं पाळल्या, एक सोडून. उरलेल्या जठरात मावेल तेवढंच मंदार खाई. रोज वाटीत चार घास उरत. कल्याणीच्या माहेरी ताटात टाकलेलं अन्न आईनं कधी खपवून घेतलं नव्हतं. एका दुपारी मोरीपाशी उभी असताना तिनं त्याच्या वाटीतल्या कण्या नकळत तोंडात टाकल्या. ओठ टरारून सुजले. ती घाबरली, दोन दिवस तोंडावर ओढणी घेऊन वावरली. पण पुढच्या आठवड्यात वाटी रिकामी करताना तिचा हात पुन्हा थबकला. एकच घास, तिनं स्वतःला सांगितलं. त्या वेळी नुसती खाज आली. मग खाजही वांग्याच्या भाजीनं येते तेवढीच. याचा अर्थ काय, हा प्रश्न तिनं मनात पुरा होऊच दिला नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी मंदारनं नेहमीसारखं मनगट पुढे केलं. त्याचा हात उबदार होता. तिनं वाट पाहिली. समोर त्याच्या कण्यांची अर्धी वाटी निवत होती. तिच्या कातडीवर काहीही उठलं नाही.

“बघू,” तो म्हणाला.

“थांब, ओढणी अडकलीय.” तिनं हात टेबलाखाली घेतला आणि नखांनी मनगट जोरात खरवडलं. मग वर काढून दाखवलं. “बघ. या वेळी जास्तच आलंय.”

मंदारनं चष्मा लावून मनगट पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

“कल्याणी, आयुष्यभर लोकांची कातडी बघत आलोय मी,” तो म्हणाला. “पित्ताचा चट्टा फुगतो. त्याला चार समांतर रेघा नसतात.”

  त्यानं चष्मा काढून ठेवला आणि इतकंच विचारलं, की कशानं झालं. तिनं वाटीकडे पाहिलं.

“उरलेलं टाकवत नव्हतं रे.”

त्याला हसू आलं, आणि ते मध्येच थांबलं. दर महिन्याला तो इथे उठून टेबलाच्या त्या टोकाला जाई. आज तो उठला नाही. खुर्ची ओढून तिच्या शेजारी सरकला आणि तिचा ओरखडलेला हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“डॉक्टरांना फोन मी करतो,” तो म्हणाला. “जेवण झाल्यावर.”

मग एका हातानं त्यानं दोन घास खाल्ले आणि वाटी तिच्याकडे सरकवली. कल्याणीनं दुसऱ्या हातानं घास घेतला, तोंडात टाकला आणि श्वास रोखून वाट पाहिली. ओठांना साधी खाजसुद्धा सुटली नाही.