चिमटीचे आठ

गल्लीत त्यांना सगळे इंचकाका म्हणत. कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. कुणी सहज बोलता बोलता "हातभर लांब" म्हणालं, तरी ते विचारायचे, "कुणाचा हात?" पातेल्यात दूध किती उरलंय हे ते झाकण न उघडता सांगत, आणि त्यांना एकदा तरी खोटं पाडावं म्हणून काकू झाकण उघडून बघत. बहुतेक वेळा काकूच हरत.

घरातलं एकही काम त्यांनी कधी बाहेरच्या माणसाला दिलं नाही. माळा, पुस्तकांच्या फळ्या, मागच्या दारचा कट्टा, सगळं सुट्टीच्या दिवशी चौघांनी मिळून केलेलं. कामं वाटून दिलेली होती. काका मोजायचे. काकू कानामागची पेन्सिल काढून जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडा लिहून घ्यायच्या. थोरला कापायचा. आणि धाकटी टेपचं टोक धरायची.

टेपचं टोक काय, कुणीही धरेल, असं आपल्याला वाटतं. काकांना विचारा. कुणाचा हात हलतो, कुणाचं लक्ष चिमणीकडे जातं, कुणाला नेमकी तेव्हाच शिंक येते. धाकटीनं एकदा रिंग चिमटीत धरली की थोरल्यानं गुदगुल्या केल्या तरी ती सोडायची नाही. म्हणून तिचं नावच चिमटी पडलं. तिच्यात खोट एकच होती. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तिचा अंगठा यायचा, त्यामुळे माप दर वेळी तेवढंच कमी भरायचं. काका रागावले, चित्र काढून समजावलं, हात टेकले. शेवटी एक दिवस त्यांनी तिचा दाबलेला अंगठा मापकात धरून मोजला. आठ मिलिमीटर. तेव्हापासून काकांनी आकडा वाचला की थोरला मागून म्हणायचा, "अधिक आठ." पुढे पुढे तो घरातला शब्दच झाला. कुणाला यायला उशीर झाला की काकू म्हणायच्या, चिमटीचे आठ मिळवा, येईल एवढ्यात.

मागचं अंगण लांबट होतं, आणि कपडे धुवायची जागा वेगळी ठेवायला मध्येच पत्र्याचा आडोसा उभा केलेला. त्याच्या पलीकडे जायचं तर स्वयंपाकघरातून फिरून जावं लागे. टेप जायला थोरल्यानं पत्र्यात एक चीर पाडली होती. तिच्या खाली चिमटीनं शाळेत असताना ऑइलपेंटनं लिहून ठेवलं होतं, "इथून बाबा २ मीटर १०." काका उभे राहायचे त्या खांबापासून चिरेपर्यंतचं ते अंतर, आणि ते अगदी बरोबर होतं. काकांनी तपासलं होतं. पलीकडच्या खांबापाशी चिमटी असायची. ती दिसायची नाही, आणि शेजारच्या लाकडाच्या वखारीत करवत चालू असली की तिची हाकही ऐकू यायची नाही. म्हणून बापलेकीनं खूण ठरवली होती. टेपला एक झटका म्हणजे थांबा. दोन झटके म्हणजे धरलंय, पुढे चला.

त्याच खुणेवर ती गेली. एकोणीस वर्षांची होती.

गच्चीवरची जुनी लोखंडी टाकी खाली उतरवायची होती. काका आणि थोरला वर, टाकीचा मुख्य दोर थोरल्याच्या खांद्यावर. चिमटी खाली, छज्ज्याच्या आड, तिच्या हातात टाकीला बांधलेली दुसरी दोरी, त्या दोरीचं वरचं टोक काकांकडे, आणि झटक्यांची खूण तिच्यावरूनच. वखारीत करवत चालू होती. काका म्हणाले, "सोड." थोरल्यानं सोडला. टाकी खाली गेली तेव्हा चिमटी बाजूला झालेली नव्हती.

"तिनं दोन झटके दिले," असं काका म्हणाले. डॉक्टरांना म्हणाले, चौकशीला आलेल्या पोलिसाला म्हणाले, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले. लोक हळहळायचे. पोरीनंच खूण केली, तुम्ही तरी काय करणार? काकूंनी एकदाच विचारलं होतं, "ती कधी घाई करायची नाही हो. मग दोन का दिले तिनं?" काका खिडकीबाहेर बघत राहिले. मिलिमीटरचा हिशेब ठेवणारा हा माणूस, पण त्या दिवशी हाताला एक झटका लागला की दोन, एवढा एकच आकडा त्याला छातीवर हात ठेवून सांगता आला नसता. किंवा आला असता, आणि म्हणूनच तो खिडकीबाहेर बघत होता.

चौदा महिने घरात कुणी हातोडी उचलली नाही. मग एका सकाळी काकूंनी कपाटातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. मागच्या अंगणावर छप्पर कसं घालायचं, याचं चिमटीनं काढलेलं चित्र होतं ते. छपराखाली दोरीवर कपडे, आणि कपड्यांशेजारी दात काढून हसणारी आई.

"एवढं पुरं करू या," काकू म्हणाल्या. "अर्धं ठेवलेलं मला बघवत नाही."

येणाऱ्या सुट्टीला काम सुरू झालं. दोन खांबांच्या मध्ये आडव्या लाकडी पट्ट्या बसवायच्या होत्या, अगदी फिट्ट, कारण पुढे सगळ्या पत्र्यांचं वजन त्यांच्यावर येणार होतं. टेप काढली आणि तिघंही जरा थबकले.

"मी धरते की," काकू म्हणाल्या.

"नको." काका पलीकडे गेले आणि खांबाशी खिळा ठोकून आले, अशा बेतानं की रिंग त्यात अडकवली की तिची बाहेरची कड बरोबर खांबाला टेकावी. जिवंत पोरीच्या जागी खिळा. ठोकताना त्यांचा हात हलला नाही.

त्यांनी टेप ताणली, वाचली. पाच मीटर, वीस सेंटिमीटर, सहा मिलिमीटर. काकूंनी लिहून घेतलं. थोरल्यानं वखारीतून आणलेली पट्टी कापली, वर चढवली, आणि तिच्या टोकाशी फट राहिली. बोटानं चाचपून तो म्हणाला, "कमी पडली, बाबा."

"किती?"

थोरल्यानं फुटपट्टी लावली. मग फुटपट्टीकडे न बघता, दुसरीकडेच बघत म्हणाला, "थोडीशी."

काकूंनी लाकडाची एक चकती शोधून आणली आणि फटीत ठोकली.

दुसऱ्या दिवशी काकांनी टेप कारखान्यात नेली आणि प्रमाण मापाशी ताडून पाहिली. काडीचाही फरक नव्हता. पुढच्या सुट्टीला त्यांनी खिळा पुन्हा तपासला, रिंग स्वतःच्या हातानं अडकवली, फिरून अलीकडे आले आणि मोजलं. पाच, वीस, सहा. मग तेच अंतर दोन तुकड्यांत मोजलं. या खांबापासून पत्र्यापर्यंत दोन मीटर दहा, पत्र्यापासून त्या खांबापर्यंत तीन मीटर अकरा सेंटिमीटर चार मिलिमीटर. बेरीज पाच, एकवीस, चार. पुठ्ठ्यावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेले होते. वजाबाकी करायला कुणाला पेन्सिल लागणार नव्हती.

ते पुन्हा पलीकडे जाऊन आले. रिंग खिळ्यात होती, खांबाला टेकलेली. तिथे दुसरं काही नव्हतं. धुण्याचा दगड, बादली, ऊन.

"आठ?" काकूंनी हळूच विचारलं.

काकांनी मान हलवली.

"मिळवा मग," काकू म्हणाल्या. "नेहमी मिळवायचात तसे मिळवा."

थोरल्यानं पट्टी आठ मिलिमीटर जास्त ठेवून कापली. हातोडीचा एक ठोकाही मारावा लागला नाही, पट्टी जागेवर जाऊन बसली. थोरला शिडीवरून उतरला, मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

घरात कुणी भीती बोलून दाखवली नाही. खरं तर भीती वाटलीच नव्हती, आणि काकांना त्याचंच भय वाटत होतं. काकू स्वयंपाक करताना मागचं दार उघडं ठेवायला लागल्या होत्या. आपण चौदा महिने जे सांगत आलो ते ऐकून या बाईनं कसे दिवस काढले असतील, हा विचार काकांनी आजवर टाळला होता. तो आता टळेना.

तिसऱ्या सुट्टीला, दुपारची जेवणं झाल्यावर, काकू आणि थोरला जरा आडवे झाले होते. काका एकटेच मागे गेले. पलीकडच्या खांबाचा खिळा त्यांनी पकडीनं उपटून खिशात टाकला. मग अलीकडे येऊन टेपचा डबा हातात घेतला, रिंग चिरेतून वीतभर आत सरकवली आणि ते आपल्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. वखारीत करवत चालू होती.

टेप चिरेत लोंबत राहिली.

मग ती ताठ झाली. डब्याची मूठ आपोआप फिरू लागली, आणि टेप पत्र्याच्या आड जाऊ लागली. सावकाश, कुणी चालत जावं तशी. थांबली तेव्हा काकांनी अंगठ्याखाली पाहिलं. पाच, वीस, सहा.

दोन झटके आले. धरलंय.

काकांनी आकडा वाचला नाही. करवत चालू असताना काहीच ऐकू जात नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते बोललेच.

"चिमटे, त्या दिवशी किती दिले होतेस?"

एक झटका आला.

काका थांबले. दुसऱ्याची वाट पाहू लागले. त्या दिवशी पाहायला हवी होती तशी. खांदा भरून आला, बोटं आखडली. करवत कधी बंद झाली ते त्यांना कळलंही नाही.

दुसरा आला नाही.

"अहो." काकू दारात उभ्या होत्या, मागे थोरला. काकू जवळ आल्या, आणि ताणलेल्या टेपला त्यांनी दोन बोटं लावली. तार वाजत असावी तशी ती थरथरत होती. त्यांनी बोटं काढली नाहीत.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"त्या दिवशीही एकच," काका म्हणाले. "ती थांबा म्हणत होती. माझा हात दुखत होता, मला उरकायचं होतं. मी थांबलो नाही. याला म्हणालो, सोड."

थोरला भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.

काकू ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "चौदा महिने," त्या म्हणाल्या, "मी तिच्यावर रागावलेय. मेलेल्या लेकीवर. एवढी कशी घाई केलीस म्हणून रोज तिला बोल लावलेत मी."

काकांनी डबा दोन्ही हातांनी धरला.

हातातली टेप सैल पडली.

काकूंची बोटं अधांतरी राहिली. काकांनी सवयीनं डब्याची मूठ फिरवली आणि सैल झालेली टेप आत घेतली. ती पुन्हा सैल पडली. पुन्हा घेतली. पाच मीटर. चार. तीन. टेप जमिनीवर पडली नव्हती. दर वेळी थोडी सैल पडायची, आणि गुंडाळली की ताठ व्हायची.

मग ती हलायची थांबली.

दोन झटके आले. काकूंनाही दिसले.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, खाली पडलेला पुठ्ठा उचलला.

"वाचा," काकू म्हणाल्या.

काकांनी अंगठ्याखाली पाहिलं. "दोन मीटर, नऊ सेंटिमीटर, दोन मिलिमीटर."

काकूंनी लिहिलं.

"अधिक आठ," खाली बसलेला थोरला म्हणाला.

तिघांनी पत्र्याकडे पाहिलं. रिंग चिरेच्या अलीकडे आली होती. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये अंगठा मावेल एवढी फट होती आणि फटीतून पत्र्याचा गंज दिसत होता. टेप ताठ होती.