सावलीला मिटणारे शिंपले

अल्फारेटाच्या आमच्या घरून फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत शिंपले वेचायला जायचं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. सुमंतला आयतं काही गोडच लागत नाही. दुकानात फ्रोझन मिळतात म्हटलं, तर म्हणतो कसा, "आसावरी, यार, स्वतः काढलेल्यांची मजाच वेगळी!" ती मजा लुटायला मी आणि आमची नऊ वर्षांची अंतरा पाण्यात, आणि हे महाशय भाड्याच्या बोटीवर छताखाली. कुणाला तरी बोटीवर थांबावंच लागतं म्हणे.

पाणी माझ्या छातीपर्यंतच होतं आणि दुपारचं ऊन थेट तळाला पोचलं होतं. गॉगल लावून पाण्यात डोकं घातलं की खाली लांब हिरवं गवत, त्यात ते पंख्याच्या आकाराचे शिंपले तोंड किंचित उघडून बसलेले. फटीतून निळ्या डोळ्यांची ओळ दिसते. खरेच डोळे असतात त्यांना. कुणाची सावली पडली की झटकन मिटतात. आपण उचलायचे आणि जाळीच्या पिशवीत टाकायचे, एवढंच काम. पण माझं लक्ष अर्धं शिंपल्यांत, अर्धं अंतरात. ती नुकतीच पोहायला शिकली होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

पाण्याखाली सारखी एक बारीक तडतड ऐकू येते, फोडणीत मोहरी तडतडते ना, तशी. सुमंत म्हणाला होता, छोट्या कोळंब्यांचा आवाज आहे तो.

एकाएकी तो आवाज थांबला.

मग समोरचे शिंपले मिटायला लागले. माझी सावली माझ्याखाली होती, अंतराची तिच्याखाली. तरी दुरून एकेक शिंपला मिटत येत होता, सरळ रेषेत. मधलं गवत दबत होतं... पुन्हा उभं राहत होतं. ती रेषा अंतराकडे वळली, तिच्याभोवती फिरली आणि थांबली.

मी अंतराला दंडाला धरून वर काढलं.

"बोटीवर जा. लगेच."

"बट आई, आय जस्ट..."

"जा म्हटलं ना!"

ती माझ्या पाठीमागच्या बोटीकडे पोहत गेली. मी पुन्हा पाण्यात डोकं घातलं. तळाची वाळू ढवळली गेली होती. त्या गढूळ पाण्यात, गवतात, एक लहान मुलगी पाठमोरी उभी होती. केस वर तरंगत होते. मला वाटलं, अंतराच परत आली. डोकं बाहेर काढून मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "चल गं वर! घरी जायचंय आपल्याला!"

"आई?" मागून बोटीवरून अंतराचा आवाज आला. "हू आर यू टॉकिंग टू?"

मी खाली पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. शिंपले मात्र मिटत होते... माझ्या दिशेनं. माझ्या पायांजवळून रेषा पुढे गेली, बोटीकडे. शिडीच्या बाजूला बोट जराशी कलली. पाठ करून दोरी गुंडाळत असलेला सुमंत म्हणाला, "चढलीस का?"

मी अजून पाण्यातच होते.

वर आल्यावर सगळे शिंपले मी समुद्रात ओतायला लावले. सुमंत चिडला, उन्हानं डोकं फिरलंय म्हणाला. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. मला फक्त अंतराला तिथून न्यायचं होतं.

गाडी हायवेला लागली. एरवी मागे हातपाय पसरून बसणारी अंतरा खिडकीला चिकटून बसली होती.

"बाळा, सीटबेल्ट लावलास?"

"यप. बोथ ऑफ देम."

"दोन्ही... म्हणजे?"

ती हळू आवाजात म्हणाली, "यू टोल्ड हर टू कम, आई."

मी मागे वळून पाहिलं. तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटचाही पट्टा लावलेला होता. तो ओला होता आणि सीटला टेकलेला नव्हता.