पंधरावी चाचणी

चौदा चाचण्या होत्या. त्या मीच लिहिल्या होत्या, म्हणून आकड्याबद्दल शंका नाही.

खोलीत संगणक पाच. पाचही बंद, प्लग काढलेले, प्रत्येकावर झेंडूचा हार.

माणूस एक. मी.

मागच्या दसऱ्याची दुपार होती. जागा म्हणजे नाशिकला द्वारका चौकाजवळचं आमचं ऑफिस. कुणाला ही नुसती गोष्ट वाटली तर वाटू दे. मी जे पाहिलं आणि मोजलं, तेवढंच लिहिते आहे.

आमची लहानशी कंपनी कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर बनवते. थंड खोल्यांच्या पाइपांतून अमोनिया फिरतो. तो गळला की सेन्सर सांगतो, आणि आमचं सॉफ्टवेअर सायरन वाजवतं.

वाजवायला हवं.

त्याआधीच्या पावसाळ्यात अशाच एका गळतीत दीपक गेला. माझ्या आधी माझ्या खुर्चीवर तोच बसायचा. स्क्रीनवर गॅस शून्य दिसत होता, म्हणून तो मास्क न लावता थंड खोलीत शिरला. कंपनीने कारण लिहून दिलं : कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

मग गिऱ्हाइकांनी अट घातली. रिपॉझिटरीत, म्हणजे आमचा सगळा कोड जिथे राहतो तिथे, कुणी काहीही बदललं की मशीनने ते आपोआप तपासायचं. सगळ्या चाचण्या हिरव्या आल्या तरच नवा कोड बाहेर जाणार. एक जरी लाल आली तरी थांबणार.

ती व्यवस्था उभी करायचं काम माझ्याकडे आलं. चाचण्या चालवायला एक जुना संगणक माझ्या टेबलाखाली ठेवला होता. त्याला स्क्रीन नाही, की-बोर्ड नाही.

दसऱ्याला आमच्याकडे संगणकांची पूजा होते. त्या दिवशी त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या मालकांचा, समाधान सरांचा नियम. पूजा झाली, आपट्याची पानं वाटली, सगळे घरी गेले. कुलूप लावायला मी मागे राहिले.

आणि बाहेरचे हॉर्न थांबले...

द्वारकाला हॉर्न थांबत नाहीत.

मग वास आला. नाकात झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा वास मी कितीदा घेतला आहे.

अमोनिया.

ऑफिसात अमोनियाची एक बाटलीसुद्धा नाही.

आणि मग टेबलाखालून... टक. टक टक. कुणीतरी टाइप करत होतं. सावकाश, विचार करत.

मी वाकून पाहिलं. हार. हळदकुंकू. जमिनीवर पडलेला प्लग.

मी कुलूप लावलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक मीच सुरू केले. चाचण्या पंधरा होत्या. चौदा हिरव्या. पंधरावी लाल. चालल्याची वेळ दसऱ्याच्या दुपारची. लिहिणाऱ्याच्या जागी नाव... दीपक.

नाव काय, कुणीही घालू शकतं. वेळही बदलता येते. म्हणून मी आधी चाचणी वाचली. ती एकच गोष्ट विचारत होती : सेन्सर गप्प झाला, तर तुम्ही काय समजता?

मी टेबलावर तपासणीसाठी ठेवलेल्या सेन्सरची तार उपटली. स्क्रीनवर आलं, शून्य. सुरक्षित.

चाचणी बरोबर होती.

मी सरांना बोलावून दाखवलं.

"आकड्याच्या जागी रिकामा चौकोन दिसला की गिऱ्हाईक फोन करून डोकं खातं," ते म्हणाले. "म्हणून तिथे शून्य टाकतो आपण. पहिल्यापासून."

"सर, दीपकला हेच शून्य दिसलं होतं."

"सायन्सवाल्या ना तुम्ही, हर्षाली? भुताने लिहिलेली चाचणी घेऊन आलात माझ्याकडे." ते हसले. "दिवाळीच्या आत माल द्यायचाय. काढा ती."

"मी नाही काढणार."

त्यांनी स्वतः काढली. चौदा हिरव्या झाल्या. नवा कोड सगळ्या कोल्ड स्टोरेजना गेला.

त्यातल्या एकात माझी लंकामावशी डाळिंबं निवडायला जाते. पिंपळगावच्या रस्त्याला आहे ते. मी तिला लगेच फोन केला.

"मावशी, डोळे चुरचुरले की बाहेर यायचं. यंत्रावर भरवसा ठेवू नको."

"डोळे तर रोजच चुरचुरत्यात बाई. रोज बाहेर आले तर मुकादम घरी बशिवल. तू लय इचार करती."

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात दुपारी तिचाच फोन आला. तिला धाप लागली होती.

"सायरन वाजला गं. आम्ही पळालो समद्या. कमळाबाई ऱ्हायली आत. तिला ऐकूच येत नाय ना नीट."

कमळाबाई वाचली नाही.

सरांनी सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवला : आमच्या सायरनमुळे अकरा जणींचे प्राण वाचले. दीपकच्या नावापुढचा निष्काळजीपणा तसाच राहिला.

मी त्या कोल्ड स्टोरेजला गेले. आमच्या नोंदी उघडल्या. सेन्सरची तार उंदरांनी कुरतडली होती. गळती सुरू होण्याच्या आधीपासून तो गप्प होता. सॉफ्टवेअरने शून्य धरलं. सायरनला हुकूम गेलाच नव्हता.

"मग वाजवला कुणी?" मी मुकादमाला विचारलं. नवनाथ त्याचं नाव.

त्याने वर सायरनच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"मॅडम, मागं तो सारखा बोंबलायचा उगाच. बायका काम सोडून पळायच्या. म्हणून म्या उन्हाळ्यातच तारा काढून ठेवल्यात."

"पण तुम्ही ऐकला ना?"

"ऐकला. समद्यांनी ऐकला."

मी शिडी लावून सायरनची पेटी उघडली. तारा बाहेर काढलेल्या, टोकांना टेप गुंडाळलेली. टेपवर धुळीचा थर, त्यावर बोटाचा ठसा नाही. आत बॅटरी नाही. दुसरी तार नाही.

वास मात्र होता...

नवनाथला मेन स्विच चालू करायला सांगितलं. सायरनच्या दोन टोकांना मीटर लावला.

शून्य व्होल्ट.