वरचा सा

डोंबिवली पूर्वेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, आणि कादंबरी हातातली भलीमोठी कापडी पिशवी सावरत म्हणाली, "पेटी न्यायला आलेय."

"या ना," दारातला उंच, चष्मेवाला तरुण हसला. "वाजवून बघणार?"

"वाजवून? अहो, फार तर लावून बघेन. बल्ब आहे ना आत?"

"पेटीत… बल्ब?"



कादंबरी ठाण्याच्या एका स्टुडिओत ॲनिमेशन करायची. चित्रावर चित्र ठेवून काढायला खालून उजेड देणारी काचेची पेटी तिला हवी होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तिनं फक्त 'जुनी पेटी असेल तर कळवा' एवढंच टाकलेलं. आणि अद्वय – दिवसा शाळेत गणित शिकवणारा, संध्याकाळी आत्याच्या कीर्तनाला साथ करणारा – त्याला पेटी म्हटल्यावर हार्मोनियमशिवाय दुसरं काय सुचणार?

"पार ठाण्याच्या कोपरीहून आलात, निदान चहा तरी घ्या," तो ओशाळून म्हणाला. "पेटी तशी गुणी आहे हो. फक्त वरचा सा गेलाय."

त्यानं भाता हलवला. सा, रे, ग, म, प, ध, नि… आणि मग नुसतीच हवा. फुस्स!

कादंबरीचा कप हवेतच थांबला.

"पुन्हा करा."

"काय?"

"ते… तिनं आत्ता श्वास घेतला." ती पुढं सरकली. भात्याच्या जुन्या घड्या फुलल्या, क्षणभर थांबल्या, मिटल्या. तिनं मान वर केली तर अद्वय पेटीकडे नाही, तिच्याकडे बघत होता. दोघांनी घाईघाईनं कपात तोंडं घातली.

पेटी कादंबरीबरोबर कोपरीला, तिच्या घरी गेली. तिच्यातून कादंबरीच्या नव्या छोट्या सिनेमाचं पात्र जन्माला आलं – छोटीशी पेटी, डोळे नाहीत, तोंड नाही. आनंद झाला की भाता फुगतो, भीती वाटली की घड्या अंग चोरतात. हरवलेला वरचा सा शोधत ती घरोघर फिरते. कुकरची शिट्टी, रिक्षाचा भोंगा… कशातच तो सापडत नाही.

"गोड आहे," स्टुडिओचे सुशांत सर म्हणाले, "पण चेहरा कुठाय? दोन मोठे डोळे लाव, एक हसू लाव. पोरं बघणार कशाकडे?"

त्या गुरुवारी ती फणफणतच राममंदिरात जाऊन बसली. अद्वयच्या मंजुळाआत्या कीर्तनाला उभ्या होत्या. नऊवारीचा पदर नुसता खांद्यावर ओढला की राजा, कमरेला खोचला की दासी. मुखवटा नाही, रंग नाही, तरी अख्खं मंदिर डोळे पुसत होतं. आणि मधेच आत्या ओळीतला शेवटचा शब्द सोडून द्यायच्या, गप्प उभ्या राहायच्या… सगळा श्रोतृवृंद तो शब्द म्हणायचा.

"आत्या, तुम्ही शब्द का सोडता?" प्रसाद घेताना तिनं विचारलं.

"अगं, मी म्हटला तर तो माझा. त्यांनी म्हटला की त्यांचा. कीर्तन एकट्याचं असतं होय?"

कादंबरी घरी गेली ती ठरवूनच. सिनेमाच्या शेवटी पेटी सूर चढवत नेणार, 'नि'पाशी थांबणार, भाता भरून श्वास रोखणार. वीस सेकंद. शेवट दोन काढायचे. प्रेक्षकांनी सा लावला तर वरच्या साची पट्टी हलेल, नाही लावला तर भाता मिटून जाईल.

"वीस सेकंद? लोक मोबाइल काढतील!" सुशांत सरांनी कपाळाला हात लावला. "बरं. रविवारी बाळकुमच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवू. कुणी गायलं नाही, तर सोमवारी डोळे-तोंड काढायला बसायचं. कबूल?"

"कबूल."

अद्वय म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस? मी मागे बसतो, हळूच सूर लावतो. एकानं लावला की सगळे लावतात." गेल्या काही महिन्यांच्या भेटींत अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं.

"तोंड उघडलंस तर बघ! तू लावलेला सा मला नकोय, अद्वय. त्यांचा हवाय."

रविवारी हॉल भरला. लॅपटॉपपाशी कादंबरी, पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा. पडद्यावरची पेटी चढत गेली – ध… नि… आणि थांबली.

पाच सेकंद. कुणीतरी खोकलं. दहा. एक मोबाइल उजळला. सुशांत सरांनी भुवया उंचावल्या. तिनं वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत अद्वय दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता, कानापर्यंत लाल. चौदा. पंधरा.

"अगं बाई, गुदमरेल की ती!" एक आजीबाई कळवळून म्हणाल्या.

"साऽऽ!" पुढची एक चिमुरडी किंचाळली. बेसूर, पण जिवाच्या आकांतानं. मग दुसरी, मग सतरंजी, मग खुर्च्या. हॉलभर सा झाला. कादंबरीनं बटण दाबलं, पडद्यावरची पट्टी हलली.

"परत लावा! परत लावा!" पोरं ओरडायला लागली.

सुशांत सर जवळ आले. "राहू दे तुझी पेटी बिनचेहऱ्याचीच," ते पुटपुटले, आणि चष्मा पुसत राहिले.

बाहेर पार्किंगमध्ये अद्वय उभा होता. आत तिसऱ्यांदा सा चालला होता.

"जड गेलं?" तिनं विचारलं.

"जीभ चावून बसलेलो. खरंच. दुखतेय अजून."

ती हसली, मग हसायची थांबली. "माझ्यासाठी धावून येणारे खूप भेटले रे. माझ्यावर सोडून देणारा तू पहिलाच." तिनं खोल श्वास घेतला. "लग्न करशील माझ्याशी?"

"आत्ता? इथं… स्कूटरींच्या मधे?"

"हो की नाही ते सांग."

"हो," तो म्हणाला. आणि मग, वॉचमनकाकांनी मान वळवावी एवढ्या मोठ्यानं – "हो!"