माहिती विश्वासार्ह आणि पुरेशी

केंद्रातला साबण लवकर संपायला लागलाय, हे पहिल्यांदा छबूबाईंच्या लक्षात आलं.

केंद्र म्हणजे मोशीतल्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाचा तळमजला. एका ट्रस्टने तो घेऊन तिथे माजी सैनिकांसाठी मानसिक आरोग्य केंद्र काढलं होतं. नवरा-नवरी जिथे बसायचे तिथे पार्टिशन घालून डॉक्टरांची खोली केली होती. पंगतीच्या हॉलमध्ये गटाच्या बैठका व्हायच्या. हॉलच्या टोकाला हात धुवायची लांबलचक मोरी होती, पांढऱ्या टाइल्सची, सहा नळांची. सहांतला एकच नळ चालू होता. त्याच्या कोनाड्यात लाल साबणाची वडी असायची.

केंद्रात येणारे बहुतेक जण फौजेतून निवृत्त होऊन चाकणच्या कंपन्यांत गेटवर सिक्युरिटीला लागलेले. रात्रपाळी सुटली की दुचाकीवरून तसेच यायचे, डोळे लाल, गणवेशाच्या शर्टावर घरचा शर्ट चढवलेला. अरुंधती तिथली सोशल वर्कर. त्यांचं ऐकून घेणं, त्यांच्या घरी जाणं, तुमचा माणूस वेडा नाही पण आजारी आहे हे बायकोला समजेल अशा भाषेत सांगणं, हे तिचं काम. तेरा वर्षं ती ते करत होती आणि चांगलं करत होती.

"म्याडम, आधी आठवड्याला एक वडी लागायची," छबूबाई म्हणाल्या. "आता दोन दिसांत खपती. खात्यात का काय ही माणसं?"

अरुंधतीने मागणीच्या वहीत साबणाच्या बारा वड्या लिहिल्या आणि पुढचं काम घेतलं. तिचे वडील जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. साबण हा शब्द लिहिताना तिचा हात किंचित थांबला, एवढंच.

तिचे वडील, सुभेदार बबनराव, शेवटचं दीड वर्ष हात धुण्यात घालवत होते. काळेवाडीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते आणि अरुंधती, दोघंच. तरुणपणी हिमनदीवरच्या ठाण्यात त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गेलं होतं. बर्फाने काळं पडलेलं बोट हातमोज्यात तसंच ठेवून, हवामान उघडून हेलिकॉप्टर येईपर्यंत ते नऊ दिवस तंबूत बसले होते. त्या बोटाचा वास, ते शेवटी शेवटी सांगत, ओल्या घोंगडीत केळं नासावं तसा होता. तीस वर्षं त्यांनी त्या वासाचं नाव काढलं नव्हतं. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, परत यायला लागलाय. जे बोटच नाही त्याचा वास.

ते हात पुढे करायचे. "हुंगून बघ गं, अरू."

ती वाकून हुंगायची. "काही नाही, अण्णा."

यात खोटं काहीच नव्हतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तिचा वास गेला होता, तो चार वर्षांत परत आला नव्हता. गॅस, अगरबत्ती, पावसाळ्यात न वाळलेले कपडे, तिला सगळं सारखंच. सुरुवातीला ती लोकांना हे सांगायची. मग लंगडणारा माणूस आपलं लंगडणं विसरतो तशी तीही विसरली.

विसरली, असं ती स्वतःला सांगायची.

अण्णांना तिने केंद्रात आणलं; मंगळवारच्या गटात ते गप्प बसून राहत. आपल्या माणसाची केस आपण घ्यायची नसते, म्हणून ती प्रितमने घेतली, तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तिच्या सहकाऱ्याने. माहिती देणारी मात्र तीच होती, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. घरातल्या इतरांना वास येतो का, असं प्रितमने विचारलं. ती म्हणाली, नाही. प्रितमने लिहिलं: वासाचा भ्रम, जुन्या आघाताशी संबंधित. आणि खाली, प्रत्येक केसखाली लिहितात तसं: माहिती देणारी, मुलगी, सोबत राहते. माहिती विश्वासार्ह आणि पुरेशी.

घरी तिला अण्णांची किळस यायला लागली होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. दिवसातून तीस तीस वेळा ते बेसिनशी जात. साबणाचा बुळबुळीत थर कडेवर, नळावर, दाराच्या कडीवर. जुन्या वडीची पातळ चकती ते नव्या वडीवर ठेवून उजव्या हाताने दाबून बसवायचे. अंगठा सोडला तर बोटं तीनच असल्यामुळे वडीवर तीन खळगे उमटत आणि पहिल्या बोटाच्या जागी गुळगुळीत पट्टा राही. ही सवय जुनीच; आई होती तेव्हा ती त्या खुणेला अण्णांचा शिक्का म्हणायची आणि हसायची. अरुंधती तो शिक्का नखाने खरवडून काढायची.

आणि पायात बाराही महिने लोकरीचे मोजे. काढा म्हटलं तर म्हणत, पाय गार पडतात.

फेब्रुवारीत ताप भरला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने डाव्या पायातला मोजा कात्रीने कापला आणि तो दोन पावलं मागे सरला. नर्सने तोंड फिरवलं. शेजारच्या कॉटवरच्या बाईने पदर नाकाला लावला. मोजा सोलून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर आणखीही काही निघालं. अरुंधती पायाशी वाकून उभी होती, नाक जखमेपासून वीतभर अंतरावर, आणि सगळ्यांचे चेहरे का आवळले आहेत हे तिला फक्त दिसत होतं. रक्तातल्या वाढलेल्या साखरेने पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे अण्णांना दुखलंच नव्हतं. वास तेवढा आला होता. तो कुठून येतोय हे मात्र त्यांना चुकीचं कळलं होतं.

चार दिवसांनी ते गेले.

भीमराज हा बीडकडचा, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता चाकणच्या एका कंपनीच्या मालाच्या गेटवर. त्याला झोप येत नसे, दुसरं काही नव्हतं. एप्रिलच्या शेवटी एका मंगळवारी बोलणं झालं, तो उठला, अरुंधतीने हात पुढे केला. ही तिची पद्धत. फौजेत डोक्यावर टोपी नसली तर सॅल्यूट करत नाहीत, त्यामुळे निघताना या माणसांना हातांचं काय करावं ते सुचायचं नाही. म्हणून तिने हस्तांदोलन सुरू केलं होतं.

हात मिळवून भीमराज दाराशी गेला आणि थबकला.

"मॅडम, हितं काय मेलंय का?"

उंदीर असेल, ती म्हणाली.

"उंदराचा न्हाई." तो आपली बोटं नाकाशी नेऊन बघत होता. "गोडसर हाय. वल्या घोंगडीत केळं नासल्यावाणी."

मग तो ओशाळला, माफी मागितली आणि मोरीकडे गेला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

अरुंधतीने कपाटं सरकवून घेतली. छबूबाईंनी कोपरे झाडले, फिनाइल ओतलं, सगळ्या खोल्यांतून हुंगत फिरल्या आणि म्हणाल्या, वास कसला न्हाई. मग साबण एवढा का लागतोय म्हणून त्यांनी मोरीची जाळी उघडली. आत तारेने खरवडलं तर राखाडी बुळबुळीत गोळा निघाला. त्यांनी तो कागदावर घेऊन पसरला.

"लोकर हाय ही," त्या म्हणाल्या. "मे म्हैना लागला की वो. सेटर कोन घालतंय?"

अरुंधतीने कागद गुंडाळून टाकायला सांगितला.

त्याच आठवड्यात दिग्विजयही तेच म्हणाला. तो नौदलातला, वाकडला एका सोसायटीत सुपरवायझर. शुक्रवारी येणारा, भीमराजला न ओळखणारा. त्याने शब्द वेगळे वापरले, पण घोंगडी आणि केळं दोन्ही त्यात होतं. हे शब्द अण्णांच्या फाइलमध्ये होते, आणि फाइल कुलपात होती. किल्ल्या दोनच. एक प्रितमकडे, एक तिच्याकडे.

ती वाचणारी, विचार करणारी बाई होती. तिने वहीत दोन रकाने आखले. डावीकडे नावं, उजवीकडे मोरीवर गेला की नाही. तीन आठवडे तिने नोंदी ठेवल्या. ज्यांच्याशी हात मिळवला ते सगळे जाताना हात धुऊन गेले. मग एका शुक्रवारी सर्दीचं निमित्त करून तिने कुणालाच हात दिला नाही. त्या दिवशी मोरीवर कुणी गेलं नाही. पुढच्या मंगळवारी तिने फक्त भीमराजला हात दिला. फक्त भीमराज गेला.

वही तिने बंद केली. घरी जाऊन ती बेसिनशी उभी राहिली आणि तळवा नाकावर दाबून श्वास ओढत राहिली, छाती दुखेपर्यंत. काही नाही.

अण्णांच्या मृत्यूचा आढावा जूनच्या दुसऱ्या मंगळवारी होता. केंद्रातला कुणी दगावला की अशी बैठक घ्यायची असते. कुणाला दोष द्यायला नाही, पुढच्या माणसाच्या बाबतीत काय सुधारायचं ते ठरवायला. टेबलाभोवती डॉक्टर बाई, प्रितम आणि ती. बाहेर हॉलमध्ये गटाची माणसं जमत होती, खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

तिने ठरवलं होतं, आज सांगायचं. एकच वाक्य होतं. रात्री ते तिने मनात अनेकदा म्हणून पाहिलं होतं.

डॉक्टर बाईंनी फाइल वाचली आणि चष्मा काढून हळुवारपणे विचारलं, "अरुंधती, एकच गोष्ट खटकते. पायाची ती अवस्था म्हणजे घरात वास यायलाच हवा होता. तुला खरंच आला नाही?"

"नाही," अरुंधती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. काही जखमांना वास उशिरा येतो, असं काहीतरी त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या. ते वाक्य अरुंधतीच्या तोंडात तसंच राहिलं. डॉक्टर बाईंनी फाइल मिटली.

ती बाहेर आली.

हॉलमधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अकरा माणसं मोरीसमोर रांगेत उभी होती.

फौजेतल्या लंगरसमोर जेवणासाठी उभं राहावं तशी सरळ रांग, एका हाताचं अंतर ठेवून. त्या दिवशी तिने अजून कुणाशीच हात मिळवला नव्हता. नळ वाहत होता. एकाचं झालं की तो हात झटकत बाजूला व्हायचा आणि रांग एक पाऊल पुढे सरकायची.

रांगेत मध्येच एक जागा रिकामी होती. भीमराजच्या पुढे. रांग सरकली तशी तीही सरकली.

अरुंधती चालत जाऊन त्या जागेशी उभी राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

"जरा मागं सरा, मॅडम," भीमराज खालच्या आवाजात म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. "लाइनीत माणूस हाय."

ती सरली. सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

रिकामी जागा नळाशी पोचली. भीमराज थांबला. हात धुवायला माणसाला लागतो तेवढा वेळ तो थांबला, मग पुढे झाला.

तिची पाळी आली तेव्हा हॉलमध्ये कुणी नव्हतं. बाहेर दुचाकी सुरू होत होत्या. तिने नळाखाली नुसतेच हात धरले.

"अरुंधती." प्रितम फाइल घेऊन मागे उभा होता. शेवटच्या पानावर तिची सही हवी होती, माहिती देणारी म्हणून. "आत्ता कर, म्हणजे संपलं एकदाचं."

"मला वासच येत नाही, प्रितम," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. कसलाच येत नाही."

प्रितमने फाइल छातीशी धरली. मग म्हणाला, "मला यायचा."

तिने वळून पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून यायचा, त्यांच्या पायांचा. ते गेले की मी खिडकी उघडायचो. वाटलं, म्हातारा माणूस आहे, मोजे धूत नसतील. तुझे वडील, तुला कसं सांगायचं? वाटलं, तू घरी बघतच असशील. सगळ्या गटाला यायचा, अरुंधती. भीमराजला, सगळ्यांना. कुणी बोललं नाही."

त्याने फाइल टाइल्सवर ठेवली, वर पेन ठेवलं आणि तो निघून गेला.

तिने नळ बंद केला. मग फाइल उचलायची म्हणून हात पुढे केला, आणि तिला कोनाडा दिसला.

सकाळी छबूबाईंनी तिच्यादेखत नवी वडी कागदातून काढून तिथे ठेवली होती. आता त्या वडीवर जुन्या साबणाची पातळ चकती नीट दाबून बसवलेली होती. साबण अजून ओला होता. त्यावर तीन खळगे होते. पहिल्या बोटाच्या जागी तो गुळगुळीत होता.