मागच्या रांगेतले

शनिवारी सकाळी साडेसातला जवाहरनगरच्या क्वार्टरमधून निघालं, की भंडाऱ्याला बस बदलून तुमसरला पोचेपर्यंत रश्मी बोरकरला साडेनऊ व्हायचे. तिचा नवरा फॅक्टरीत होता. आठवडाभर संस्थेच्या तीन शाळांत संगीत शिकवून हिचं पोट भरत नाही का, असं तो दर शनिवारी विचारायचा. "नाही भरत," म्हणत ती डबा पिशवीत कोंबायची आणि भांडणाला रंग चढायच्या आत जिना उतरलेली असायची. एकदा हातात घेतलं की सोडायचं नाही ही तिची लहानपणापासूनची खोड. या खोडीचा तिला थोडा गर्वही होता.

तुमसरच्या शाळेत मुलं होती, पण गायला जागा नव्हती. चार खोल्या, वर पत्रा आणि शेजारी राइस मिल. शाळेमागच्या जुन्या चर्चमध्ये उंच छताखाली ऐसपैस जागा होती, हार्मोनियम होतं, पण मुलं नव्हती. तिथली माणसं म्हातारी झालेली, आणि त्यांची मुलं नागपूर-रायपूरला लागलेली. म्हणून जूनमध्ये चर्चचे पाळकसाहेब आणि शाळेचे हेडमास्तर कटरे सर यांनी मिळून ठरवलं. दर शनिवारी दोन तास मुलांनी चर्चमध्ये समूहगान शिकायचं, आणि नोव्हेंबरात हंगामाच्या सणाला, नवं धान वेदीपुढे ठेवतात त्या दिवशी, ते सगळ्यांसमोर म्हणायचं. पालकांची कुरकुर नको म्हणून रश्मीनं गाणं स्वतःच लिहिलं. त्यात ना देव, ना देवी; नुसतं तळं, भाताचं शेत आणि एक पाखरू.

बोडीत पाणी, बांधीत धान,
पाखरा, तुझं कुठं रे रान?
दिवस बुडाला, ये घरा.

मुलं बावीस. सात-सात-आठ अशा तीन रांगा, वेदीशेजारच्या भिंतीला पाठ करून. त्यांच्याकडून तिनं पहिल्याच दिवशी तीन खुणा पाठ करून घेतल्या. हात वर, म्हणजे श्वास आत. हात खाली, म्हणजे गाणं. मूठ मिटली, म्हणजे गप्प. मुलांनी या खुणा इतक्या मनावर घेतल्या, की एकदा माशी हाकलायला तिनं हात वर केला तर बावीसही छात्या फुगल्या, आणि मग हसून हसून पंधरा मिनिटं वाया गेली.

शेवटच्या रांगेत खुशबू उभी राहायची. सहावीतली, मिलमध्ये पोती उचलणाऱ्या मंगरूची मुलगी. हजेरीच्या वेळी 'हजर'मधला पहिलाच ह तिच्या ओठांवर असा अडायचा, की वर्ग खिदळायचा. म्हणून ती नुसता हात वर करायची. गाताना मात्र तिचं एक अक्षर अडत नव्हतं. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी परतीच्या बसमध्ये रश्मी खिडकीकडे तोंड करून रडली होती, आणि कंडक्टरला डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं होतं.

ऑक्टोबरात कटरे सर गाणं ऐकायला आले.

"गाणं चांगलं हाय, मॅडम," ते म्हणाले. "पण शेवट असा काहून? ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारल्यावानी."

खरंच होतं. मुलं शेवटचा 'रा' उच्चारल्याबरोबर गिळून टाकत होती. ही सवय त्यांनी यादोरावांकडून उचलली होती. यादोराव चर्चचे चौकीदार, आणि हार्मोनियमही तेच वाजवायचे. कुठलंही गाणं असो, शेवटच्या सुरावर त्यांची बोटं निखाऱ्यावर पडल्यासारखी उठायची. इथल्या म्हाताऱ्या बायासुद्धा रविवारी असंच गायच्या.

"सणाले संस्थेचे सचिव येऊन राहिले," कटरे सर पुढं म्हणाले. "त्यायले आवडलं त ठीक. नाई त शनिवार मी शिष्यवृत्तीच्या तासाले देतो. मलेबी वर उत्तर द्या लागते ना."

ते गेल्यावर रश्मीनं यादोरावांना गाठलं. "तुम्ही शेवटचा सूर असा का तोडता हो?"

"आमच्या इथं असंच हाय जी. माह्या बापानं असंच वाजवलं. त्याच्या बापानंबी."

"पण कारण काय?"

यादोरावांनी भाता मिटून त्याचा खटका लावला. "इथं सूर सोडत नाई, मॅडम. तोडते."

"आम्ही सोळा मात्रा धरणार आहोत."

"धराले काय, कोनीबी धरते," ते म्हणाले. "सोडाले लागते ना मंग." आणि झाडू घेऊन बाहेर गेले.

रश्मीनं ते फारसं मनावर घेतलं नाही. नवीन काही म्हटलं की मोडता घालणारी म्हातारी माणसं तिनं तिन्ही शाळांत पाहिली होती. तिला शनिवार वाचवायचे होते. शिष्यवृत्तीच्या तासाला खुशबू काय करणार होती? हात वर करून बसणार होती, एवढंच.

सोळा संथ मात्रा एका दमात धरणं लहान छातीला जमत नाही. त्यासाठी ती मुलांना चोरश्वास शिकवू लागली. शेजाऱ्यानं श्वास घेतला, तर आपण नाही घ्यायचा. तोंडाचा आकार बदलायचा नाही. नाकानं, हळूच, कुणाला कळू न देता घ्यायचा आणि तसंच हळूच सुरात परत शिरायचं. सगळे वेगवेगळ्या वेळी थांबले, की ऐकणाऱ्याला वाटतं कुणी थांबलंच नाही. पहिल्या शनिवारी सूर फाटक्या चादरीसारखा झाला. दुसऱ्या शनिवारी तो सोळा मात्रा सलग, कुठंही न तुटता, छताखाली भरून राहिला. रश्मीच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. तिनं मुलांना टाळ्या वाजवून शाबासकी दिली.

तिसऱ्या शनिवारी ती ऐकण्याऐवजी बघत होती, म्हणून तिला दिसलं.

नवव्या मात्रेला बावीसही मुलांचे खांदे एकदम वर गेले. चोरश्वास वगैरे सगळं विसरून सगळ्यांनी एकाच क्षणी श्वास घेतला. म्हणजे त्या क्षणी कुणीच गात नव्हतं. आणि सूर तसाच होता, सलग.

तिनं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच.

मिलच्या मोटरचा आवाज असेल, असं तिनं ठरवलं. धानाचा हंगाम सुरू झाला होता, मिल दिवसभर घुमत होती. पुढच्या शनिवारी सकाळपासून अख्ख्या तुमसरची लाइट गेली होती. मिल गप्प होती, छताखाली तेवढ्या चिमण्या चिवचिवत होत्या. रश्मीनं हार्मोनियमवर झाकण घातलं, यादोरावांना बाहेर पाठवलं, मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि हात वर केला.

नववी मात्रा आली. खांदे वर गेले. सूर चालू राहिला.

बसमध्ये तिनं कानात इअरफोन घालून ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. नवव्या मात्रेला सूर सपशेल तुटत होता. चिमण्या ऐकू येत होत्या. मग बावीस आवाज पुन्हा सुरू होत होते. मोबाईलचा माइक भिकार आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. मोबाईल दिवाळीला घेतलेला होता, आणि त्याच्या माइकचं कौतुक तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

पुढच्या खेपेला तिनं मुलांनाच विचारलं.

"नवव्या मात्रेला तुम्ही सगळे एकदम थांबता. मग सूर कोण धरतं?"

पहिल्या रांगेतल्या मनिषनं लगेच सांगितलं, "मागचे धरते ना, मॅडम."

दुसऱ्या रांगेतल्या रुपानं मान हलवली. "आमी नाई. मागचे."

रश्मीनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथली आठ मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी खुशबूनं ओठ आवळले, मोकळे केले.

"मा-मागचे," ती म्हणाली.

खुशबूच्या मागं दोन हातांवर भिंत होती. सणासाठी यादोरावांनी त्या भिंतीला आदल्याच दिवशी चुना लावला होता.

"तुला भीती वाटते का गं?"

"न-नाई. ते लय बेस गाते."

रश्मी घाबरली, हे सांगायलाच हवं. त्या दिवशी तिनं तालीम अर्ध्या तासात आटोपली आणि मुलांना मैदानावर सोडलं. चर्चच्या पायरीवर बसून तिनं डबा उघडला. यादोराव येऊन एक पायरी सोडून बसले.

"अजूनबी तोडा, मॅडम," ते हळूच म्हणाले. "मी बोटं उचलतो. पोट्टे गप होते. कोनाचं काई जात नाई."

"कोण आहे तिथं?"

"मले नाई मालूम. खरंच नाई मालूम जी. आमी कधी आयकलंच नाई तितका वेळ."

समोर मैदानावर खुशबू दोन मुलींना गाणं शिकवत होती. हात वर, हात खाली. एक अक्षर अडत नव्हतं. रश्मीनं डब्याचं झाकण लावलं.

"सूर तोडला, तर कटरे सर शनिवार तोडतील," ती म्हणाली. "मी धरणार."

सणाच्या दिवशी सकाळी चर्च भरून गेलं. वेदीपुढे धानाच्या पेंड्या, कोहळे, वांग्यांची टोपली. दोन खांबांमध्ये, मुलांसमोर रश्मी उभी राहायची तिथंच वर, लोंब्यांचं तोरण बांधलं होतं. पुढच्या बाकावर सचिव, शेजारी कटरे सर, मागं पालक. मंगरू मिलमधून तसाच आला होता, केसांत कोंडा घेऊन, आणि दाराशी अंग चोरून उभा होता.

रश्मीनं हात वर केला. छात्या फुगल्या. तिनं हात खाली आणला.

मुलं अशी गायली, की पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग शेवटची ओळ आली. दिवस बुडाला, ये घरा.

यादोरावांनी बोटं उचलली. मुलांनी सूर धरला.

नववी मात्रा. खांदे वर गेले, खाली आले. सूर चालू.

सोळावी मात्रा.

रश्मीनं मूठ मिटली.

बावीस तोंडं मिटली. तिनं एकेक करून सगळी पाहिली. खुशबूचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ती हसत होती.

सूर थांबला नाही.

सतरा. अठरा. एकोणीस.

विसाव्या मात्रेला त्या सुरानं श्वास घेतला. नाकानं, हळूच, कुणाला कळू न देता, तिनं शिकवला होता तसा. आणि तसाच हळूच परत सुरू झाला.

तेवढ्यात सचिवांनी टाळी वाजवली आणि सगळं चर्च टाळ्यांत बुडालं. टाळ्या थांबल्या तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. यादोराव तेवढे टाळ्या न वाजवता भिंतीकडे बघत राहिले होते.

"किती लांब धरलं हो पोट्ट्यायनं!" कटरे सर तिला म्हणाले. सचिवांनी पुढच्या वर्षासाठी सगळे शनिवार तिथल्या तिथं देऊन टाकले. मंगरूनं लांबूनच हात जोडले. रश्मीला इतका आनंद झाला, की घटकाभर तिला दुसरं काही आठवलंच नाही.

दुपारी मुलं मैदानात लाडू खायला गेली. चर्च रिकामं झालं. ते तोरण पाखरांसाठी बाहेर टांगायला खुशबूनं मागितलं होतं. ते सोडवायला रश्मी आत आली. तोरणाची मधली गाठ तिच्या नेहमीच्या जागेच्या बरोबर वर होती. तिनं टाचा उंचावल्या आणि उजवा हात वर केला.

समोर, रिकाम्या जागेत, श्वास आत घेतला गेला.

बावीस मुलांचा श्वास तिनं पाच महिने ऐकला होता. हा त्याहून पुष्कळ मोठा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

ती हलली नाही. बोटांत तोरण होतं. हात वर होता.

हात खाली आणला, म्हणजे गाणं.

बाहेर मुलांचा कालवा चालू होता. ऊन दारातून आत आलं होतं. खांदा भरून येऊ लागला.

"म-मॅडम, चाला ना," दारातून खुशबूचा आवाज आला. "लाडू सरून राहिले."

मग तिला रश्मीचा वर केलेला हात दिसला. ती सरळ उभी राहिली, आणि सवयीनं तिनंही छाती भरून श्वास घेतला.

एकच खूण उरली होती. रश्मीनं तोरणासकट मूठ हळूहळू मिटली. धानाची टोकं तळव्यात रुतली.

श्वास सोडला, तो एकट्या खुशबूनं.