सहा महिन्यांचा कोर्स

कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीजवळ छातीचे एक्स-रे काढणारी गाडी उभी दिसली, की आभाचं मन अजूनही सहा वर्षं मागे धावतं. तेव्हा त्या गाडीत एक्स-रे काढायला तीच असायची. दिवसभर बंगालीत नाहीतर हिंदीत तेच ते सांगून ती कंटाळायची. अशाच एका दुपारी रांगेतून नाव आलं — केयूर भालेराव, कस्टम्स अधिकारी. नाशिकहून नुकताच बदलून आलेला.

तिथल्याच बालीगंजमध्ये मराठी घरात जन्मलेल्या आभाला घराबाहेर मराठी बोलायला मिळणं म्हणजे सणच. "खोल श्वास घ्या... धरून ठेवा," तिने सांगितलं, एक्स-रे काढला, आणि 'सोडा' म्हणायचं विसरून त्याचं गाव विचारत बसली. तो बिचारा लालबुंद होऊन नुसती मान हलवत राहिला. चूक लक्षात आल्यावर दोघंही हसली... आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

फुफ्फुसावर डाग होता. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या. त्या चुकू नयेत म्हणून आभा रोज सकाळी फोन करायची — कामाचा भाग म्हणून, असं ती स्वतःला बजावायची. 'घेतल्या' एवढं उत्तर पुरेसं होतं, पण गप्पा लांबायच्या. रविवारीही फोन करायचा नियम आहे का, असं त्याने एकदा विचारलं. आहे, असं तिने ठणकावून सांगितलं. नियम अर्थातच तिचा स्वतःचा होता. अहो-जाहो कधी सुटलं, दोघांनाही कळलं नाही.

शेवटचा एक्स-रे स्वच्छ आला. आभाला आनंद झाला आणि लगेच रडूही आलं. उद्यापासून फोन कशाला करायचा?

गाडीच्या पायरीशी घुटमळत केयूर म्हणाला, "रविवारी घरी येऊ? तुझ्या बाबांना... विचारायला. फक्त आजाराचं नको सांगूया."

तिचा चेहराच उतरला. "मी दिवसभर लोकांना सांगते, लपवू नका. आणि माझ्याच घरात लपवू? तसं असेल तर... येऊ नकोस, केयूर."

रविवारी दुपारभर तिचं लक्ष दाराकडे होतं. चार वाजून गेले. तिने आशा सोडली, तेवढ्यात बेल वाजली.

आईने, सुनीतीने, चिवड्याची बशी पुढे केली. केयूर बसलासुद्धा नाही. "काका, मला टीबी झाला होता. आता पूर्ण बरा आहे. आणि मला आभाशी लग्न करायचंय. दोन्ही ऐकून काय ते सांगा."

बाबांनी, श्यामकांतांनी, हातातली बशी खाली ठेवली.

"मलाही झाला होता," ते म्हणाले. "लग्नाआधी. हिला मात्र चार वर्षांनी सांगितलं."

"पाच," आई म्हणाली आणि केयूरसाठी खुर्ची ओढली. "बस रे. तू यांच्यापेक्षा धीट आहेस."